लेकरू समोर असते, पण तिथे नसते

(देगलूर येथे संगोपन करणारी कुटुंबे, वसतिगृहांचे गृहपाल आणि आश्रमशाळांतील शिक्षक यांच्या शिबिरात झालेले भाषण)



मला दिलेल्या विषयाचे नाव जरा अवघड आहे. डॉक्टर त्याला ‘डिसोसिएशन’ म्हणतात. मराठीत कोणी वियोजन म्हणते, कोणी विघटन. शब्द लक्षात राहिला नाही तरी बिघडत नाही, कारण ही गोष्ट तुम्ही रोज पाहता. ताट वाढलेले आहे, भाकरीचा तुकडा हातात आहे आणि पोरगा भिंतीकडे बघतोय. हाक मारली, ऐकू येत नाही. पुन्हा मारली, नाही. खांद्याला धरून हलवले की दचकतो, हात उगारतो, नाहीतर पळत सुटतो. संध्याकाळी विचारले तर म्हणतो, ‘मला काहीच आठवत नाही.’ आपण म्हणतो, सोंग करतो. जरा रागीट गृहपाल असला तर म्हणतो, निगरगट्ट आहे. आजी असली तर मीठमोहऱ्या उतरवून टाकते.

पुढे जाण्याआधी एक सांगते. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा कोणत्याही मुलाची ओळख उघड करता येत नाही. म्हणून मी ज्या लेकरांबद्दल बोलेन ते कुणा एकाचे नाही, अनेकांचे मिळून एक आहे. आपल्या पत्रिकेत फोटो छापायचा मोह होतो, देणगीदारांनाही तो हवा असतो, पण तो छापू नये. हा विषय मी संपादकांशी वेगळा बोलले आहे, इथे इतकेच.

आता हे होते कसे? माणसावर संकट आले की त्याच्यापुढे दोन वाटा असतात. लढायचे, नाहीतर पळायचे. पण सहा वर्षांच्या मुलीला दारू प्यालेल्या मोठ्या माणसाशी लढता येत नाही, आणि पळून जायला दुसरे घर नसते. तेव्हा शरीर तिसरी वाट काढते. अंग तिथेच राहते, मन बाहेर निघून जाते. घरात अचानक वीज जास्त आली की फ्यूज उडतो, अंधार होतो, पण वायरिंग जळत नाही आणि घर वाचते. लेकराचेही तसेच. ज्या रात्री ते घडले त्या रात्री त्या फ्यूजने त्याला वाचवले. अडचण पुढे येते. एकदा सवय झाली की तो फ्यूज नुसता पंखा लावला तरी उडतो. वर्गात कुणी बाक आपटला, स्वयंपाकीणबाईंच्या हातून पातेले पडले, कुणाच्या तोंडाला दारूचा वास आला, आणि लेकरू गेले.

हे काही आजकालचे शोध नाहीत. फ्रान्समध्ये पिएर जाने नावाच्या अभ्यासकाने १८८९ साली यावर मोठा ग्रंथ लिहिला. सहन न होणारी आठवण मनाच्या बाकीच्या भागापासून तुटून वेगळी पडते आणि माणसाला नकळत चालवत राहते, असे त्याने मांडले. आणि आपल्या भागाला हे ग्रंथातून शिकावे लागले नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट इथल्या पन्नाशीतल्या प्रत्येकाला आठवते. गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावे चारच्या सुमारास दगडामातीखाली गेली. सुमारे दहा हजार माणसे दगावली. अनाथ झालेल्या लेकरांसाठी पन्नालाल सुराणा यांनी नळदुर्गला ‘आपलं घर’ उभे केले. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. त्या दिवसांत मदतीला गेलेल्यांशी कधी बोला. जी लेकरे ओरडून रडली त्यांची त्यांना काळजी वाटली नाही. सांगतील ते काम करणारी, बादल्या उचलणारी, पाहुण्यांना पाणी देणारी, डोळ्याला टिपूस नसलेली जी होती, त्यांना तेव्हा सगळे म्हणाले, ‘किती शहाणे लेकरू!’ अशा शहाण्या लेकरांकडे आपण जास्त बघायला पाहिजे.

पाळकसाहेबांनी मघाशी पंडिता रमाबाईंचे नाव घेतले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणल्या आणि त्यांतून केडगावचे मुक्ती सदन वाढले. त्या स्वतः दुष्काळात आईबाप गमावलेल्या होत्या. मला वाटते, म्हणूनच त्या मुलींना पोटभर अन्न, अंगाला काम आणि डोक्यावर कायमचे छप्पर आधी मिळाले. हा माझा तर्क आहे, पण तो चुकीचा वाटत नाही.

आपल्या वसतिगृहांत येणाऱ्या मुलांचे आणखी एक आहे. किनवट-माहूरकडचे कोलाम, गोंड, आंध लेकरू, आपल्या देगलूर-बिलोलीकडचे मन्नेरवारलू लेकरू, पालावरचे फासेपारधी लेकरू, ऊसतोडीला गेलेल्यांचे मागे राहिलेले लेकरू. यांतल्या पुष्कळांना घर सुटले त्याच दिवशी भाषाही सुटली. कोलामी बोलणारे सात वर्षांचे पोर मराठी शाळेत गप्प बसते तेव्हा ते हरवले आहे की त्याला समजत नाही, हे आधी बघा. दोन्ही असू शकते. देगलूरचे एक बरे आहे, इथे बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळे चालते. लेकराच्या भाषेतले एखादे माणूस शोधायला फार लांब जावे लागत नाही.

पारध्यांबद्दल दोन वाक्ये जास्त बोलते. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, शिक्का गेला नाही. रात्री पालावर बॅटरीचे झोत पडतात, बाप उठवून नेला जातो. ज्या लेकराने हे पाहिले ते अंधारात झोत पडला की दगडासारखे होते. आणि आपण काय करतो? रात्री दहा वाजता बॅटरी घेऊन वसतिगृहात डोकी मोजतो. मोजायला तर पाहिजेच. पण बॅटरी खाली, जमिनीकडे धरता येते. दारातून आधी आवाज देता येतो, ‘मी गृहपाल आहे, मोजायला आलोय, झोपा.’ याला एक पैसाही लागत नाही.

आता निरीक्षणगृहाकडे वळते, कारण इथे सगळ्यात जास्त नुकसान होते. कायदा अशा मुलाला आरोपी म्हणत नाही, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. त्याला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांत निदान एक बाई. हे सगळे मुलाच्या भल्यासाठी आहे. तरीही त्या खोलीत पाय टाकताच काय होते ते पाहा. मोठी माणसे, मोठी टेबले, बाहेर खाकी कपडे, आणि सगळ्यांच्या नजरा आपल्यावर. फ्यूज उडतो. मॅडम विचारतात, ‘तू तिथे होतास का?’ पोरगा त्यांच्या डोक्यावरच्या पंख्याकडे बघतो. ‘तुला पस्तावा होतो का?’ पोरगा जरासा हसतो. ते हसणे त्याचे नसते. घाबरलेल्या चेहऱ्याची ती एक मोड आहे, मार खाताना हसणारी लेकरे तुम्ही पाहिली असतील. पण कागदावर काय येते? उत्तर देत नाही, पश्चात्ताप दिसत नाही. आणि ‘आठवत नाही’ म्हणाला तर, खोटे बोलतो. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याला मोठ्यांच्या न्यायालयात पाठवायचे का, याची प्राथमिक चाचपणी मंडळ करते. तिथे हा गैरसमज त्याचे आयुष्य वळवू शकतो.

म्हणून जे कार्यकर्ते मुलासोबत मंडळापुढे जातात त्यांनी तीन-चार गोष्टी पाठ कराव्यात. आदल्या दिवशी नाही जमले तर निदान तासभर आधी ती खोली त्याला दाखवा, कोण कुठे बसणार ते सांगा. परिविक्षा अधिकारी सामाजिक तपासणी अहवाल तयार करतात, त्यांना या हरवण्याबद्दल लेखी कळवा, तारखांसह. मुलाला कार्यवाही समजावी आणि त्यात भाग घेता यावा, ही जबाबदारी कायद्याने मंडळावर टाकली आहे. तेव्हा ‘त्याला पाच मिनिटे बाहेर नेऊन पाणी पाजू का?’ असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे, त्याचा हक्क आहे. प्राथमिक चाचपणीत मंडळ मानसशास्त्रज्ञाची मदत घेऊ शकते, तशी विनंती करा. अत्याचार झालेल्या मुलामुलींसाठी २०१२ चा पोक्सो कायदा याहून स्पष्ट आहे. जबाब घेणाऱ्या पोलिसांनी गणवेशात नसावे, न्यायालयाने मध्ये मध्ये विश्रांती द्यावी, लेकराला पुन्हा पुन्हा साक्षीला बोलावू नये, हे सगळे त्यात लिहिलेले आहे. आपण मागितले नाही तर मात्र कोणी आपणहून आठवण करून देईल याचा भरवसा धरू नका.

आता मुख्य प्रश्न. लेकरू डोळ्यांसमोर हरवले तर त्या घडीला काय करायचे?

पहिले, धरू नका. हलवू नका, गालावर चापट मारू नका, तोंडावर पाण्याचा हबका मारू नका. ज्याला पकडून ठेवून त्रास दिला गेला त्याला मागून पडलेला प्रेमाचा हातही तोच हात वाटतो. पुढून या, पण अगदी समोर उभे राहून वाट अडवू नका, थोडे बाजूला बसा. तुमचे डोके त्याच्या डोक्याहून उंच नको. आवाज खालच्या पट्टीत. त्याचे नाव घ्या, आणि हजेरीतले नाव नको, आई ज्या नावाने हाक मारायची ते. मग साधी माहिती सांगा. ‘मी शांताबाई. आज मंगळवार. आता सांजवेळ झालीय. तू देगलूरला, आपल्या वसतिगृहात आहेस. इथे तुला कुणी मारत नाही.’ शेवटचे वाक्य खरे असेल तरच म्हणा. शारीरिक शिक्षेला बाल न्याय कायद्याने बंदी आहेच, पण कायद्यापेक्षा लेकरू जास्त बारकाईने बघत असते.

मग हळूहळू अंगाला जागे करायचे. पाय जमिनीला टेकव म्हणावे. माठातल्या गार पाण्याचा तांब्या पुढे ठेवावा, हातात द्यायची घाई करू नये. मूठभर ज्वारी हातावर ठेवून ‘मोज बरं’ म्हटले तर पुष्कळ लेकरे परत येतात. कुणाला कांदा फोडून वास दिला की चालतो. कुणाला ‘या खोलीत निळे काय काय आहे?’ हा खेळ चालतो. कुणाला यातले काहीच चालत नाही, नुसते कुणी शेजारी शेंगा सोलत बसले की पुरते. प्रत्येक लेकराचे वेगळे, आणि ते त्यालाच बऱ्या वेळी विचारून ठेवावे. ‘तुला तसं झालं की मी काय करू? काय करू नको?’ एवढा मान त्याला कुणी दिलेला नसतो.

परत आल्यावर लगेच ‘कुठे गेला होतास? काय आठवलं?’ असे विचारू नका. इथे मला एलीयाची आठवण येते. राजांच्या पहिल्या पुस्तकात १९ व्या अध्यायात तो रानात रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडलेला आहे. देवाच्या दूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिले, झोपू दिले. पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातले. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न चाळीस दिवस चालून गेल्यावर, डोंगरावर आला. आपल्याला तो प्रश्न पहिल्या चाळीस मिनिटांतच विचारायचा असतो. (दूताने त्याला हात लावून उठवले, असे मागच्या रांगेतून कुणी म्हणेल. खरे आहे. दूत असाल तर लावा.)

हसलात, बरे झाले, कारण पुढचे बोलणे कडू आहे. आपल्या भागात अशा मुलीला ‘बाहेरचे लागले’ म्हणतात. देवऋषाकडे नेतात, मिरचीची धुरी देतात, केसांना धरून ‘तू कोण? नाव सांग!’ विचारतात. महाराष्ट्रात २०१३ पासून भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, धुरी देणे हा गुन्हा आहे. ते दुसऱ्यांचे झाले. आपल्यातही रात्ररात्र प्रार्थना करून, चौघांनी हातपाय दाबून ‘आत्मा’ काढण्याचे प्रकार होतात, आणि ते केवळ येशूच्या नावाने होतात म्हणून वेगळे ठरत नाहीत. ज्या मुलीला चार जणांनी दाबून धरलेले होते तिला पुन्हा चार जण दाबून धरतात. ती मग निपचित पडते, आणि आपण म्हणतो, शांत झाली. ती शांत झालेली नसते, पुन्हा निघून गेलेली असते. मी स्वतः प्रार्थनेवर जगते. पण लेकरासाठी प्रार्थना करायची असेल तर त्याला विचारून, खालच्या आवाजात, आणि डोक्यावर हात ठेवायचा तर तोही विचारून. ‘नको’ म्हणाले तर आपल्या खोलीत जाऊन करा, पोचायची तिथे पोचते.

प्रत्येक गप्प बसणे म्हणजे हाच प्रकार, असेही नाही. फिटचा आजार असू शकतो. अंग झटके देत असेल, जीभ चावली जात असेल, कपड्यात लघवी होत असेल, तर आधी डॉक्टर. फिटचा एक प्रकार तर नुसते काही सेकंद टक लावून बघण्याचा असतो, तो घरी ओळखू येत नाही. रक्त कमी असते, कान फुटलेला असतो, कुणी पंक्चरचे सोल्युशन हुंगत असते. म्हणून तपासणी करून घ्या. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. दूर जाणे जमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत. आणि लेकरू कुठेही संकटात असेल तर १०९८. गोळ्यांबद्दल बरेच जण विचारतात. या हरवण्यावरच नेमकी गोळी नाही. झोप, उदासी, भीती यांसाठी डॉक्टर औषध देतात, त्याने मदत होते. मुख्य उपचार बोलण्याचा, आणि तोही लेकराला आधी सुरक्षित वाटू लागल्यावर. पहिल्याच भेटीत सगळे उकरून काढणारा समुपदेशक मिळाला तर नम्रपणे दुसरा शोधा.

आता संगोपन करणाऱ्या कुटुंबांशी बोलते. बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. त्यात काय भागते ते तुम्हाला माहीत आहे. पैशासाठी कुणी हे करत नाही. पण एक दुखणे तुम्ही सगळ्या बोलून दाखवता. ‘एवढं करते, तरी माझ्याकडं बघत सुदिक नाही.’ मावशी, ते तुमच्याकडे बघत नाही कारण बघून जीव लावला आणि ते माणूस गेले, असे त्याचे दोनदा झाले आहे. त्याचे मन दार किलकिले ठेवून आत बसलेले आहे. तुम्ही रोज त्याच वेळी त्याच्या पुढ्यात त्याच ताटलीत वाढता, हेच तुमचे बोलणे आहे. पाहुणे आले म्हणून त्याला दुसऱ्या खोलीत झोपवू नका. कुठे न्यायचे असेल तर आदल्या दिवशी सांगा, परत कधी यायचे तेही सांगा. आणि रागाच्या भरातसुद्धा, ‘असं केलंस तर परत पाठवीन’ हे वाक्य तोंडातून काढू नका. ते ऐकले की त्या क्षणी लेकरू घरातून गेलेले असते, पिशवी भरायचीच काय ती बाकी.

खरोखरच झेपत नाही, अशी वेळ येते. हे मी नाकारत नाही. रात्री तीन वाजता अंगणात उभी राहणारी मुलगी सांभाळणे सोपे नाही, घरात स्वतःचीही लेकरे असतात. तेव्हा लेकराला नेऊन सोडण्याआधी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला, नाहीतर आपल्या कार्यकर्त्याला फोन करा. कधी कधी दुसऱ्या कुणी आठवडाभर हातभार लावला की पुरते. घर बदलायचेच ठरले तर तो निर्णय बालकल्याण समितीचा असतो. तुमचे काम एवढे की त्याची वही, त्याची चादर, आईचा फोटो असेल तर तो, हे सगळे त्याच्यासोबत जाईल. लेकराचे सामान पोत्यात भरून पाठवू नये.

शेवटी वहीबद्दल. प्रत्येक गृहपालाला आज एक शंभर पानी वही दिली आहे. त्यात फार लिहायचे नाही. तारीख, वेळ, त्याआधी काय घडले, किती वेळ हरवले, कशाने परत आले. बस. ‘नाटक केले’, ‘चाळे केले’ असे शब्द नकोत, डोळ्यांना दिसले तेवढेच. दोन महिन्यांनी पाने चाळली की दिसते, दर रविवारी भेटायला येणाऱ्यांची गर्दी झाली की होते. नाहीतर दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात होते, जेव्हा एक ठरावीक माणूस किराणा पोचवायला येतो. ही दुसरी गोष्ट दिसली तर वही बंद करून आधी १०९८ ला फोन करा आणि त्या माणसाला आवारात येऊ देऊ नका. वही कपाटात, किल्ली एकाकडे. बाकीच्या मुलांनी ती वाचता कामा नये.

आता चहा आहे. चहानंतर दोघादोघांनी समोरासमोर न बसता, थोडे बाजूला बसून, खालच्या आवाजात एकमेकांना हाक मारायचा सराव करू. गृहपाल मंडळींना ते अवघड जाते, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करू.